लॉट्सोचंच खरं ठरलं का?

‘टॉय स्टोरी’ या जिवंत खेळण्यांच्या ॲनिमेशनपट-मालिकेचा चौथा भाग फसलाय असं कुणी म्हटलं की मी त्याची बाजू घेऊन भांडते, आणि तो तिसऱ्याच्या तोडीचा आहे असं कुणी म्हटलं की त्याच्याशीही भांडते. नवऱ्याच्या मते मला भांडायला फक्त निमित्त लागतं. पण सुटा सिनेमा म्हणून चौथा भाग मला खरंच आवडतो. २०२० साली त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं ते उगाच नव्हे. आधीच्या तिघांचा पुढचा भाग म्हणून मात्र माझं त्याच्याशी जमत नाही.

लोकांची नेहमीची तक्रार अशी, की तिसऱ्यात गोष्ट संपली होती, मग चौथा काढलाच कशाला? पैशासाठी. दुसरं काय? २०१० साली आलेल्या तिसऱ्या भागानं जगभरात एक अब्ज डॉलरच्या वर गल्ला जमवला. एवढा धंदा झाल्यावर कुठलाही स्टुडिओ शटर ओढून घरी जात नाही. पण पैशासाठी काढला म्हणून सिनेमा बाद करायचा तर आधी दुसरा भाग बाद करावा लागेल, आणि माझा सगळ्यांत लाडका भाग तोच आहे.

१९९९चा हा दुसरा भाग मुळात थिएटरसाठी नव्हताच. पहिला तुफान चालला, तर त्याचंच पुढचं काहीतरी थेट व्हिडिओ कॅसेटवर विकू, असा डिस्नेचा सरळ हिशेब होता. हे सिनेमे बनवणाऱ्या पिक्सार स्टुडिओची मातब्बर मंडळी तेव्हा किड्यामुंग्यांच्या सिनेमात अडकलेली, हे काम दुसऱ्या फळीकडे. त्यात १९९८ साली कुणीतरी कॉम्प्युटरवर चुकीची आज्ञा दिली आणि बघता बघता बहुतेक सगळा सिनेमा पुसला गेला. बॅकअप काढून पाहिला तर तोही कुचकामी. वाचवलं ते गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ बाईंनी. घरी तान्हं बाळ असल्यामुळे त्या घरून काम करत होत्या आणि सिनेमाची एक प्रत त्यांच्या घरच्या मशीनवर होती. ते मशीन ब्लँकेटांत गुंडाळून गाडीनं ऑफिसात आणलं. एवढ्या जिवापाड वाचवलेला तो सिनेमा नंतर सगळ्यांनी बसून पाहिला, आणि तो चांगला नाही असं ठरलं! मग पहिल्या भागाचा दिग्दर्शक जॉन लॅसेटर आणि मूळच्या मंडळींनी तो हातात घेतला, बराचसा फेकून दिला आणि नऊ महिन्यांत नव्यानं उभा केला. कामाच्या रेट्यानं लोकांचे हात-मनगटं गेली, इतका तो उरस्फोड होता. तेव्हा सिनेमा कोणत्या हेतूनं सुरू झाला यावरून मी काही ठरवत नाही. हेतू सगळ्यांचे सारखेच असतात.

दिसण्यावरूनही ठरवत नाही. १९९५चा पहिला भाग हा संपूर्णपणे कॉम्प्युटरवर बनलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्या काळच्या यंत्रांना सगळंच प्लॅस्टिकसारखं काढता यायचं, म्हणून तर नायक खेळणी निवडली. त्यातली माणसं आज बघवत नाहीत, खेळण्यांचा मालक असलेल्या अँडी या मुलाचं तोंड मेणाचं वाटतं आणि शेजारच्या सिडचं कुत्रं कापूस कोंबल्यासारखं. चौथ्या भागात जुन्या वस्तूंच्या दुकानातल्या कपाटामागची धूळसुद्धा हात लावला तर बोटाला लागेल अशी आहे. दिव्यावरची मेंढपाळ बाहुली बो पीप, तिच्या चिनीमातीच्या गालावर उजेड कसा घसरतो ते पाहण्यासाठी मी सिनेमा थांबवला होता. पण चोवीस वर्षांत यंत्रं सुधारली, यात कथाकाराचं काय कर्तृत्व?

मग निकष काय लावायचा? मी एक साधी गोष्ट बघते. आधीच्या भागात जो प्रश्न कुणीतरी जोर लावून विचारला होता, तो पुढच्या भागाच्या लक्षात आहे का.

दुसऱ्या भागात वुडीचा, म्हणजे अँडीच्या लाडक्या काऊबॉय बाहुल्याचा, हात उसवतो. अल नावाचा दुकानदार त्याला चोरतो आणि दुरुस्तीसाठी एका म्हाताऱ्या कारागिराला बोलावतो. हा प्रसंग मी लेकीला वेगळा काढून दाखवते. म्हातारा पेटी उघडतो, तिच्यातून एकेक कप्पा बाहेर येतो. चष्म्यावर भिंग चढवतो. सुईत दोरा ओवून हात शिवतो, कापसाच्या काडीनं डोळा पुसतो, गालांवर रंग फिरवतो. घाई नाही, बडबड नाही. आणि मग शेवटी वुडीचा बूट उलटा करून तळव्यावरचं अँडीचं नाव ब्रश फिरवून झाकून टाकतो. नव्यासारखा झाला वुडी! आपण ‘वा’ म्हणतो आणि त्याच क्षणी पोटात खड्डा पडतो. दुरुस्ती आणि चोरी एकाच हातानं होताना मी दुसऱ्या कुठल्या बालपटात पाहिलेली नाही.

या भागातला खलनायक म्हणजे स्टिंकी पीट, जन्मभर खोक्यातच राहिलेला, कुणीही न खेळलेला बाहुला. तो वुडीला विचारतो की अँडी मोठा झाल्यावर तुला काय कॉलेजला घेऊन जाणार आहे? लग्न झाल्यावर मधुचंद्राला नेणार आहे? त्यापेक्षा टोकियोच्या संग्रहालयात चल, काचेत राहशील, कायम राहशील. यात खोटं काहीच नाही. वुडीही खोटं आहे म्हणत नाही. तो बुटावरचा रंग खरवडून नाव मोकळं करतो आणि म्हणतो की अँडीला मोठं होण्यापासून मी थांबवू शकत नाही, पण ते बघायला मला तिथं असायचंय. आपण टाकले जाणार हे कळूनही तो परत जातो. शिवाय जेसी या काऊगर्ल बाहुलीलाही सोबत नेतो. तिला एमिली नावाच्या मुलीनं एकदा टाकलेलंच असतं. जेसी पलंगाखाली वर्षानुवर्षं पडून राहिलेली, मग एक दिवस खोक्यात घालून रस्त्याकडेला ठेवलेली. असल्या मुलीला ‘चल, पुन्हा एका पोराच्या हाती स्वतःला सोपव’ असं पटवणं सोपं नाही. वुडी ते करतो.

आता तिसरा भाग पाहा. दिग्दर्शक ली अंकरिचचा. मधे अकरा वर्षं गेली आहेत आणि सिनेमानं ती लपवलेली नाहीत. अँडी सतरा वर्षांचा आहे, त्याचा आवाज काढणारा जॉन मॉरिस तोच, तोही मधल्या काळात मोठा झालेला. (याआधी डिस्नेनं पिक्सारला वगळून तिसऱ्या भागाची एक वेगळीच गोष्ट रचली होती, अँडीचं अंतराळवीर खेळणं बझ बिघडतो आणि त्याला दुरुस्तीला तैवानला परत पाठवतात अशी. २००६ साली डिस्नेनं पिक्सार विकत घेतल्यावर ती बासनात गेली. सुटलो.) अँडी कॉलेजला निघालाय, सामान भरतोय. बाकीची खेळणी तो पिशवीत भरतो, माळ्यावर ठेवायला. आणि वुडी? वुडीला कॉलेजच्या खोक्यात टाकतो!

पहिल्यांदा पाहताना हे माझ्या नजरेतून निसटलं होतं. पीट ज्याला कुत्सितपणे अशक्य म्हणाला होता ते अँडी खरोखर करायला निघालाय. अकरा वर्षांपूर्वीच्या टोमण्याला उत्तर मिळालं, तेही कुणी मुद्दाम बोलून न दाखवता. ह्याला म्हणतात आधीचा भाग लक्षात असणं. शेवटी अँडीचा बेत वुडी स्वतःच मोडतो, खोक्यावर चिठ्ठी चिकटवून सगळ्यांसोबत बॉनी नावाच्या छोट्या मुलीकडे जातो. तेही त्याच्या मर्जीनं.

माळा हा शब्द आपल्याकडे आला की पुढचं सांगावं लागत नाही. आमच्या माळ्यावर तेलाच्या रिकाम्या डब्यात माझी भातुकली होती. पितळी होती म्हणून टिकली, नाहीतर भंगारात गेली असती. अँडीची आई ती पिशवी कचऱ्याची समजून रस्त्यावर ठेवते तेव्हा तिच्यावर मला अजिबात राग येत नाही. घर आवरणाऱ्या बाईला सगळ्या काळ्या पिशव्या सारख्याच.

तिसऱ्या भागातली भट्टी सगळ्यांना आठवते. खेळणी कचऱ्याच्या भट्टीकडे घसरत जातात, सुटकेचे उपाय संपतात, मग कुणी काही बोलत नाही, एकमेकांचे हात धरतात. मुलांच्या सिनेमात मरणाला इतकं सरळ सामोरं जाणं हे धाडसच. त्यातून सोडवायला येतो तो अवाढव्य पंजा, आणि तो चालवत असतात ते तीन डोळ्यांचे हिरवे परग्रहवासी, जे पहिल्या भागात खेळण्यांच्या यंत्रातल्या एका पंजाला देव मानून बसले होते. पंधरा वर्षांपूर्वीच्या विनोदातून सुटका! मी थिएटरात टाळ्या वाजवल्या होत्या.

पण मला भट्टीपेक्षा लॉट्सोची जास्त आठवण राहिली आहे. स्ट्रॉबेरीच्या वासाचं ते गुबगुबीत अस्वल पाळणाघरात आलेल्या या मंडळींचं स्वागत करतं आणि त्यांना सांगतं की इथे एक मूल मोठं झालं की दुसरं येतं. मालक नाही म्हणून दुःख नाही, आपणच आपले धनी. लॉट्सोला डेझी नावाच्या मुलीनं सहलीत विसरून टाकलं होतं. मैलोन् मैल चालत तो घरी पोचला तर खिडकीतून दिसलं, तिच्या कुशीत दुसरा लॉट्सो. तेव्हापासून हे त्याचं तत्त्वज्ञान. सिनेमा त्याला खलनायक ठरवतो आणि कचऱ्याच्या ट्रकला बांधून टाकतो. त्याचा जुलूम मोडतो, हे ठीक. त्याच्या म्हणण्याला उत्तर कोण देतं? शेवटच्या प्रसंगात अँडी देतो. बॉनीच्या अंगणात एकेक खेळणं तिच्या हातात देताना त्याच्याबद्दल सांगतो. खोक्याच्या तळाशी वुडी निघतो. बॉनी हात पुढे करते तशी अँडीचा हात नकळत वुडीला मागे ओढतो. अर्धा सेकंद असेल. मग तो तिला सांगतो की हा तुला कधीही सोडून जाणार नाही, काहीही झालं तरी. सांभाळशील ना, असं विचारतो, ती मान हलवते.

आता चौथा.

आधी त्याचं देणं देऊन टाकते. तिसऱ्या भागात एक भोक होतं. हरवलेल्या सवंगड्यांचा विषय निघतो तेव्हा बो पीपचं नाव येतं आणि वुडी क्षणभर अडखळतो. बस्, एवढंच. २०१९च्या चौथ्या भागानं नेमकं ते भोक हेरून त्यातून गोष्ट काढली. मागे जाऊन एक पावसाळी रात्र दाखवली, बो दिव्यासकट दुसऱ्या घरी जाते, वुडीला निवडायला अर्धं मिनिट मिळतं आणि तो अँडीला निवडतो. जॉश कूलीचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच मोठा चित्रपट, आणि सुरुवातीची ही पाच-सात मिनिटं कुठल्याही भागात शोभली असती.

शिवाय फोर्की. बालवाडीच्या पहिल्या दिवशी रडवेली बॉनी प्लॅस्टिकचा काटेचमचा, हातांना केसाळ तार, पायांना आइस्क्रीमची काडी, असं करून एक प्राणी बनवते आणि त्याच्या पायावर आपलं नाव लिहिते. झालं, तो जिवंत! आणि जिवंत होताक्षणी त्याला एकच सुचतं, कचऱ्याच्या डब्यात उडी मारणं. कारण तो कचराच आहे, त्याला तसंच वाटतं. रात्री हायवेच्या कडेनं चालताना वुडी त्याला समजावतो तेव्हा फोर्कीला उलगडा होतो की डब्यात मला जसं ऊबदार, सुरक्षित वाटतं तसं बॉनीला माझ्याजवळ वाटतं. आमच्या शोकेसमध्ये चहाच्या कागदी कपाचा एक हत्ती आहे. सोंड दोनदा पडली, दोनदा डिंकानं चिकटवली. टाकायची सोय नाही. त्यामुळे या प्रसंगाबद्दल मी निःपक्षपाती असूच शकत नाही.

गॅबी गॅबीसुद्धा चांगली लिहिलेली आहे. कारखान्यातूनच आवाजाची डबी बिघडून आलेली, म्हणून कुणाचीच न झालेली बाहुली. ती वुडीची डबी मिळवते, दुकानातल्या ज्या मुलीची ती वाट पाहत आली तिच्या हाती जाते, आणि ती मुलगी तिला दोन क्षण बघून खोक्यात टाकून देते. खलनायिकेला शिक्षा झाली म्हणून टाळ्या नाहीत, आपल्यालाच वाईट वाटतं. लॉट्सोपेक्षा हे जास्त समजूतदार लेखन आहे, मान्य.

पण मग शेवट येतो. वुडी बॉनीला सोडतो आणि बो पीपबरोबर फिरत्या जत्रेत राहतो. मालक नाही, खोली नाही, बुटावरच्या नावाचं ओझं नाही. जत्रेत मुलं येतात, जातात, दुसरी येतात. आपणच आपले धनी.

हे लॉट्सोचं म्हणणं झालं की! शब्दाला शब्द. आधीच्या भागात ज्याला ट्रकच्या पुढच्या जाळीला बांधलं त्याचं तत्त्वज्ञान पुढच्या भागात नायकाचं होतं, संगीत चढतं, आणि त्याला उत्तर द्यायला कुणी थांबत नाही. वुडीनं मत बदलू नये असं माझं म्हणणं नाही. वीस-पंचवीस वर्षं दुसऱ्यासाठी जगलेल्यानं एकदा स्वतःसाठी जगावं, यात काय वाईट आहे? माझ्या आईच्या पिढीतल्या कितीतरी बायकांना हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण अँडीनं अंगणात बसून वुडीच्या वतीनं एक शब्द दिला होता. तो मोडताना निदान कुणीतरी आठवण तरी काढावी. पाच वर्षांच्या बॉनीनं तिचा शब्द मोडला तर तिला कोण बोलणार? ती वुडीला कपाटात ठेवते, त्याचा बिल्ला काढून जेसीला लावते. हे अगदी खरं आहे, मुलं असंच करतात. वुडीचं तसं नाही.

हे सगळं मी लेकीला ऐकवलं. तिनं चौथा भाग आधी पाहिलाय, मग पहिला, मग उरलेले जमेल तसे, त्यामुळे मालिकेचा क्रम वगैरे तिच्या गावी नाही. ती म्हणाली, “पण आई, बो पीप कुणाला कोंडून ठेवत नाही. लॉट्सो ठेवायचा.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. लॉट्सोच्या पाळणाघरात कैद होती, लहानग्यांच्या खोलीत नव्या खेळण्यांचा चुरा होत होता. बो आणि वुडी तर बक्षिसाच्या दुकानात टांगलेल्या खेळण्यांना मुलं मिळवून देतात. म्हणजे प्रत्येक खेळण्याला एक मूल हवंच, हे वुडीला अजून पटतंय, फक्त स्वतःसाठी नाही. गावभरची लग्नं जुळवणारा आणि स्वतः सडाफटिंग राहिलेला एखादा काका असतो ना, तसं काहीसं. मला तो काका बघायला आवडला असता. त्याला कुणीतरी छेडलं असतं, त्यानं काहीतरी लंगडं उत्तर दिलं असतं. सिनेमानं ते छेडणं टाळलं.

बाकी तक्रारी किरकोळ, पण करतेच. बझला या भागात अक्षरशः बावळट केलाय. मनाचा आवाज ऐक, असं वुडीनं सांगितलं तर हा छातीवरची बटणं दाबून त्यातून येईल ते वाक्य आदेश मानतो. एकदा हसू येतं. चौथ्यांदा येत नाही. हा तोच बझ, ज्यानं पहिल्या भागात टीव्हीवरची जाहिरात बघून आपण खेळणं आहोत हे पचवलं होतं. मिस्टर पोटॅटो हेडला बोलायला फारसं नाही हे समजू शकते, त्याचा आवाज असलेले डॉन रिकल्स २०१७ साली गेले आणि जुन्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे जोडून त्याचे संवाद केले. जेसीचं काय? तिला शेवटी वुडीचा बिल्ला मिळतो आणि घाईघाईत एक मिठी.

क्रम लावायचाच तर माझा असा: दुसरा, तिसरा, पहिला, चौथा. लेकीचा: चौथा, आणि मग बाकीचे. कारण चौथ्यात फोर्की आहे. २०२२ साली बझवर जो स्वतंत्र सिनेमा आला तो आम्ही दोघींनीही हिशेबात धरलेला नाही. त्यात ती मधेच उठून पाणी प्यायला गेली आणि मी थांबवलाही नाही.

पाचवा भाग २०२६चा, तो मी अजून पाहिलेला नाही. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन, जो चारही भागांच्या लेखनात होता, तेव्हा विसरलो म्हणायची सोय त्याला नाही. बॉनीच्या हाती टॅब्लेट येतो एवढं जाहिरातींवरून कळलंय. टॅब्लेटचं काय व्हायचं ते होवो. वुडी पुन्हा या मंडळींसमोर उभा राहिला, तर त्याला कुणीतरी विचारायला हवं की दुसऱ्या भागात तू मला काय सांगून खोक्यातून बाहेर काढलं होतंस. हे विचारण्याचा पहिला हक्क जेसीचा आहे.